जमिनीला पाजलेलं पाणी

सर, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. गॅलरीत जातो, परत येतो, पंख्याखाली टेकतो, लगेच उठतो. सून म्हणाली, "बाबा, बसा ना जरा, काय शोधून राहिले?" काही शोधत नाही म्हटलं. मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत परवा आवारभर सिमेंटचे ठोकळे बसवले. चिखल नको, धूळ नको, गाड्या स्वच्छ राहाव्यात म्हणून. काम सुरेख झालंय, बघायला गेलं तर. पण अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण त्या ठोकळ्यांखाली गेलं. दर उन्हाळ्यात मी त्यातून बादलीभर पाणी ओतत असे. सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला सांगायला गेलो तर हसून म्हणाला, "काका, आता केमिकल अर्थिंग असते. पाणीबिणी काही लागत नाही. टेन्शन नका घेऊ." त्याचं बरोबरच असेल. पण जिना चढताना मला एकदम तुमची आंघोळ आठवली, आणि तेव्हापासून हे असं चाललंय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही. ज्या घरी हे पत्र टाकलं असतं ते घर पाडून तिथे कपड्यांची दुकानं झाली आहेत. तरी लिहितो.

तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. बाकीचे तास कसे गेले कुणास ठाऊक, कवितेचा तास मात्र मला खिडकीतल्या उन्हासकट आठवतो. तुम्ही आधी अर्थ सांगत नसा. आधी चाल. टेबलावर बोटांनी ठेका धरायचा आणि डोळे मिटून, "लगागा लगागा लगागा लगागा". सगळा वर्ग डोलायचा. मागच्या बाकांवरचे पोट्टे मुद्दाम जास्तच डोलायचे, तेही तुम्हाला चालायचं. एकदा सहामाहीच्या पेपरात 'या कवितेत तुला काय आवडले' असा प्रश्न होता. मी लिहिलं, 'ही कविता फार सुंदर आहे.' पेपर परत देताना तुम्ही मला उभं केलंत. म्हणालात, "सुंदर हे उत्तर नव्हे. कुठे सुंदर, ते बोट ठेवून दाखव." मला दाखवता आलं नाही. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. घरी जाऊन मी ती कविता इतक्यांदा वाचली की आई म्हणाली, परीक्षा तर झाली ना रे, आता कायले पाठ करतोस?

पुढे मी विजेकडे गेलो. कवितेवर पोट भरत नाही हे सांगायला घरात पुष्कळ माणसं होती. तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत शिकवायला लागलो, पोरांना मीटर कसा धरायचा ते दाखवायचं. वीजसुद्धा लाटेसारखी वरखाली होत येते, तिलाही एक लय असते, असं मी पहिल्याच तासाला सांगत असे. पोरं एकमेकांकडे बघत. तुमच्यासारखा ठेका मला कधी जमला नाही.

मग ते मे महिन्यातलं भेटणं. साल सत्तरीच्या पुढचं कुठलंतरी. सीताबर्डीवर कूलरला लावायच्या खसच्या ताट्या विकायला बसतात तिथे तुम्ही उभे होता, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, ताटी हातात घेऊन वास घेत. मी पाया पडलो. तुम्ही ओळखलंत, आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधी म्हणालात, "तू विजेचं शिकला ना? माझ्या घरी कूलर चावतो. घेऊ का नको ही ताटी, ते सांग." मला हसू आलं. तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते राहिलं. काकूंच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना उन्हाळा झेपणार नाही, खोली थंड ठेवा. मुलाने पत्र्याचा कूलर घेऊन दिला. पण त्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, एकदा तर तुम्ही पाणी भरताना मागे फेकले गेलात. तेव्हापासून तो बंद. तुम्ही दिवसभर ओल्या चादरी खिडकीला लावत होता आणि पुठ्ठ्याने वारा घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर घेऊन आलो. बर्डीच्या मागच्या गल्लीतलं ते दुमजली घर. वर तुम्ही, मागे दोन बिऱ्हाडं, खाली घरमालकाची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की तुमच्या खोलीतला दिवा डोळा मिटल्यासारखा करायचा. तुम्हाला त्याची सवय झाली होती. मी मात्र थबकलो. कूलर तपासला, त्यात काही दोष नव्हता. मग गिरणी सुरू असताना कूलरच्या पत्र्याला मीटर लावला, आणि काटा हलला. गिरणी थांबली, काटा बसला. पुन्हा सुरू, पुन्हा हलला. चावत होती ती गिरणी, सर, कूलर नव्हे.

तुम्हाला हे सांगायला मला बराच वेळ लागला, कारण तुम्ही मध्येच थांबवत होता. घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूपासून एक तार निघते आणि अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपापर्यंत जाते. पाइपाभोवती कोळसा नि मीठ. वीज चुकून पत्र्यावर आलीच, तर तिने त्या वाटेने जमिनीत पळावं, आणि इतक्या जोरात पळावं की फ्यूज उडावा. वाट सुकली तर ती पत्र्यावरच बसून राहते, कोणाचातरी हात येईपर्यंत. आणि तार सगळ्यांची एकच, म्हणून खालच्या मोटरीतून गळणारी वीज वरच्या कूलरवर. "म्हणजे त्या वाटेत अडथळा किती, ते मोजायचं," तुम्ही म्हणालात. हो म्हटलं, त्याला इम्पिडन्स म्हणतात, पुस्तकात संरोध. तुम्ही तो शब्द दोनदा तोंडात घोळवलात. "बरा आहे. मोजायचा कसा?" मी म्हटलं, बाजेवर माणूस बसला की बाज किती दबते त्यावरून सुंभ किती सैल ते कळतं, तसं. आधी रिकामा दाब बघायचा, मग ओझं टाकायचं आणि दाब किती उतरला ते बघायचं. "आणि ओझं?" ओझं म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरातली विजेची शेगडी मागितली. काकू पडल्यापासून ती फडताळावर होती, तिच्यावर दुधाचा एक जुना जळका ओघळ.

पण एक अडचण होती. सुकलेल्या वाटेवर ओझं टाकलं की तेवढ्या वेळापुरती घरातली सगळी लोखंडी अंगं जिवंत होणार. कूलर, मोटर, गिरणीचं पत्र्याचं तोंड, सगळं. तेवढा वेळ कोणाचाही हात कुठे लागता कामा नये. घरमालक म्हणाला, "मोटर माझ्या बापाच्या वेळची हाय, आजवर कोणाले काही झालं नाही. अन् गुरुजी, हा तुमचा पोट्टा मोजून काय करते?" गिरणीपुढे दळणाची रांग. पत्र्याचे डबे, टोपल्या, बाया. मी घसा ताणून सांगत होतो की कोणी हात लावू नका, आणि जो तो, "कायले गा?" म्हणून नेमका हात लावूनच विचारत होता. माझी चिडचिड झाली. तेव्हा तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिलात आणि शाळेतल्या आवाजात म्हणालात, "डबे खाली. सगळ्यांनी निंबाखाली. हात वर."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "काय बाप्पा गुरुजी, दरोडा घालून राहिले का?"

"हाव. हात वर."

"माह्या खांद्याले दुखणं हाय. एकच होते वर."

"चालते. दुसरा पदरात ठेव."

घरमालकाचे हात शेवटी वर गेले, ते तुम्ही नुसते बघत राहिलात म्हणून. तो तुमचा विद्यार्थी नव्हता, पण त्याचे दोन्ही मुलगे होते. मी वर आलो, काकूंची लोखंडी खाट खिडकीतल्या कूलरपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली, शेगडीची एक तार फेजला आणि दुसरी अर्थला. तुम्हाला खालून वेळ द्यायला सांगितलं होतं. घड्याळ नव्हतं तुमच्याकडे, तुम्ही म्हणालात, एका ओळीएवढा वेळ पुरेल का? पुरेल म्हटलं. आणि अंगणातून तुमचा आवाज आला, "लगागा लगागा लगागा लगागा". शेगडी लाल झालीच नाही. नुसती मळकट तांबूस झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. काटा मात्र खचकन उतरला. मी आकडा टिपून वळतो तो काकू. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. खालून तुमचा आवाज ऐकून त्यांनी आपला डावा, चालता हात वर धरून ठेवला होता. ओळ संपली तरी तो वरच होता. मीच जाऊन हळू खाली घेतला.

तुम्ही वर आलात. "किती?"

"जास्त आहे, सर."

"जास्त हे उत्तर नव्हे."

मी आकडा सांगितला. किती असायला हवा तेही सांगितलं. तुम्ही उपरण्याने तोंड पुसलंत. "म्हणजे नको."

"नको, सर."

काकू खाटेवरून जड जिभेने म्हणाल्या, "लावा. त्यानं मेली तर गारेगार तरी मरीन." तुम्ही "गप वं" म्हणालात, आणि पुठ्ठा उचलून वारा घालायला बसलात. त्या दुपारी मी खोलीत येरझारा घालत होतो आणि तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता. ऊन असं होतं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. कूलर खिडकीत, नवी ताटी त्याला टेकवलेली, सगळं चार हातांवर, आणि माझ्या एका आकड्यामुळे बंद. माझ्या आयुष्यात इतका नकोसा आकडा मी दुसरा मोजला नाही.

उन्हं उतरल्यावर आपण खड्डा उघडला. वरचं फरशीचं झाकण निघालं तर आत सरड्याचं बिऱ्हाड. माती भेगाळलेली, कोळसा पांढरट पडलेला. मीठ कधीच संपलं असणार. वाण्याकडून खडेमीठ आणलं, पलीकडच्या इस्त्रीवाल्याने कोळसा दिला. आणि पाणी ओतलं. खड्डा घटघट प्यायला, सर, तहानलेल्या गुरासारखा. घरमालक कमरेवर हात ठेवून बघत होता. नळ त्या दिवसांत तासभर यायचा, तोही करंगळीएवढा. तो म्हणाला, "माणसाले प्याले पाणी नाही, अन् तुम्ही जमिनीले पाजून राहिले." बोलणं खोटं नव्हतं. मोटरीचं विचारलं तर म्हणाला, लग्नसराई चालू हाय, आता गिरणी बंद करून मोटर कशी सोडू? पाऊस पडल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हात वर. म्हातारी आज कोणी न सांगता निंबाखाली जाऊन उभी होती, आणि नवीन आलेल्यांना दटावत होती. "लगागा" सुरू झालं आणि शेगडी या वेळी चांगली लाल झाली, चहा ठेवावा अशी. काटा जरासाच दबला. तुम्ही जिन्यातूनच ओरडलात, किती? मी आकडा ओरडून सांगितला. तुम्ही तो परत म्हणून बघितलात, ओळ बरोबर बसली का ते पाहावं तसा. मग मी तुमच्या फ्यूजमधली जाड तार काढून बारीक घातली, आणि म्हटलं, चालवा. पण खड्डा रोज ओला राहिला पाहिजे. एक दिवस चुकला की माझा हा 'चालवा' धरायचा नाही.

पण पाणी आणायचं कुठून? कूलर एक बादली पिणार, खड्डा एक. तुमच्या वाट्याच्या पाण्यात दोन्ही बसत नव्हतं. त्याचा तोडगा तुम्ही काढलात तो मला तिसऱ्या दिवशी कळला. सकाळी सायकलवरून आलो तर अंगणात, खड्ड्याशेजारच्या दगडावर, पंचा नेसून तुम्ही आंघोळ करत होता. गावातल्या निम्म्या घरांनी ज्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या ते मास्तर, उघड्यावर, तांब्या तांब्याने अंगावर पाणी घेत, आणि ते सगळं पाणी वाहत खड्ड्यात. वर श्लोक चालू. मागच्या बिऱ्हाडातल्या बाया दार लोटून आत बसलेल्या. मी घाबरून म्हटलं, सर, गिरणी चालू असताना इथे ओल्या अंगाने उभं राहायचं नाही हं. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर गिरणीच्या आधी उरकतो. एवढं मला समजते गा."

तो उन्हाळा मी कसा काढला, माझं मलाच माहीत. कूलर सुरू झाला, खसचा वास जिन्यापर्यंत यायचा, पहिल्या दुपारी काकू इतक्या गाढ झोपल्या की तुम्ही दोनदा नाकाशी बोट धरून बघितलंत. सगळं ठीक होतं. आणि मी मात्र प्रयोगशाळेत पोरांपुढे बोलता बोलता थांबायचो. आज नळ आला असेल का? सरांना ताप आला तर? कोणी पाहुणा आला आणि आंघोळ राहून गेली तर? रोज मोजणं शक्य नव्हतं, रोज सगळ्या गल्लीला हात वर करायला कोण लावणार. म्हणून मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तुमच्या गल्लीवरून जायचो. वाट वाकडी होती. आत येत नसे, कोपऱ्यावर एक पाय टेकून अंगणातला दगड ओला आहे का एवढं बघायचो. ओला असे. तरी दुपारपर्यंत पुन्हा तेच. एकदा तुम्ही पकडलंत. म्हणालात, "तू माझ्यावर विश्वास ठेवत नाही, का आकड्यावर?" दुसऱ्या सकाळी मी पुन्हा त्याच कोपऱ्यावर होतो. मग हळूहळू मागच्या बाया तांदूळ धुतलेलं पाणी तिथे ओतायला लागल्या, म्हातारी दळणाला येताना चंबूभर घेऊन यायची. ती म्हणायची, गुरुजींचा खड्डा बाटवू नका बरं, साबणाचं पाणी दुसरीकडे टाका. साबणाने काही बिघडत नाही असं मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही.

पाऊस आला, मोटर सुटून दुरुस्त होऊन आली, कूलर पोत्यात बांधून माळ्यावर गेला. त्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच. मी तेराव्याला आलो, मग बरेच दिवस आलो नाही. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी, असंच, सवयीने, सायकल गल्लीत वळवली. धुकं होतं. नागपूरच्या थंडीत निंबाची पानंसुद्धा हलत नव्हती. आणि दगडावर तुम्ही. पंचा, तांब्या. अंगातून वाफा निघत होत्या. श्लोक नव्हता. घरमालक घोंगडी पांघरून गिरणीच्या पायरीवर बसलेला, तो म्हणाला, "गुरुजी, आता थंडीत काहून बाहेर आंघोळ करून राहिले? कूलर तर बंद हाय." तुम्ही तांब्या बादलीत बुडवलात. "गिरणी तर रोज चालते ना तुझी," म्हणालात. "बाया उभ्या राहतात." तो उठून आत गेला, आणि थोड्या वेळाने गरम पाण्याची एक बादली आणून दगडाशेजारी ठेवली. मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो. तुम्ही मला पाहिलं होतं की नाही, ते कधी विचारलं नाही.

आज सकाळी मीही बादली घेऊन खाली गेलो, सर. झाकण कुठे होतं ते अंदाजाने शोधलं आणि ठोकळ्यांच्या फटींत, जिथे नवी वाळू भरली आहे, तिथे धार धरली. जरा वेळ पाणी वरच साचलं. मग गेलं. हळू, पण गेलं. चौकीदार जवळ आला. "काकाजी, गाडी धुवून राहिले का?" मी हाव म्हटलं. माझ्याकडे गाडी नाही, हे त्याला माहीत आहे.

तेवढ्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण वर येऊन मी हे लिहायला बसलो आणि दुपार टळून गेली, तरी एक जागा भरत नाही. शेगडीवरचा दुधाचा ओघळ आठवतो, म्हातारीचा पदर आठवतो, काकूंचा वर धरलेला हात आठवतो. पण त्या दुसऱ्या सकाळी जिन्यातून तुम्ही विचारलंत, किती, आणि मी ओरडून सांगितलं, ज्याच्यासाठी तुम्ही रोज अंगावर गार पाणी घेत उभे राहिलात, आणि जो खरा राहावा म्हणून मी एक अख्खा उन्हाळा त्या कोपऱ्यावर पाय टेकून काढला, तो आकडा मला आठवत नाही, सर. कमी होता, एवढंच आठवतं. आणि कमी हे उत्तर नव्हे.